इंदूरहून मराठीत विज्ञान आणि चिकित्सेचा पॉडकास्ट काढायचा असेल तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही इंदूरला सुदामा नगरात राहता, नोकरी करता, आणि विज्ञान, अंधश्रद्धांची चिकित्सा व मानवतावाद या विषयांवर दर आठवड्याला एक मराठी पॉडकास्ट काढायचं मनात आहे. माईक कोणता घ्यावा, ऐकणारे कुठून मिळतील, जाहिराती कधी येतील, आणि "दाभोलकरांचं काय झालं ते विसरलास का" म्हणणाऱ्या आईला काय सांगावं, हे तुम्हाला हवंय.

मी याच शहरात दिवसा पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते आणि उरलेल्या वेळात असाच एक पॉडकास्ट बरीच वर्षं चालवते आहे. चारही प्रश्न वाजवी आहेत. पण मला खरी मेख दिसते ती 'दर आठवड्याला' या शब्दांत.

गप्पांचा किंवा सिनेमाचा पॉडकास्ट दर आठवड्याला निघतो, कारण त्यात बोलणं हाच माल असतो. आपण मात्र उठसूट लोकांना विचारणार, "पुरावा काय?" तोच प्रश्न ऐकणारा उलटून आपल्याला विचारणार, आणि त्याने तो विचारायलाच हवा. त्यामुळे भाग किती लांब, किती दिवसांनी, पाहुणा कोण, पैसा कुणाचा, धोका किती, ही सगळी गणितं एकाच आकड्यावर येऊन थांबतात: तुमच्याच्याने किती पडताळून होतं. रेकॉर्डिंगला संध्याकाळ पुरते. पडताळणीला किती लागेल ते विषय हातात घेतल्याशिवाय कळत नाही.

आता हे माणसागणिक बदलतं, ते कबूल. तिघं मित्र असाल, त्यातला एक डॉक्टर आणि एक संख्याशास्त्राचा, तर पंधरवड्याला एक भाग काढाल. एकटे असाल, घरी वडीलधारी माणसं असतील, ऑफिसातून सात वाजता सुटत असाल, तर महिन्याला एक भाग पुष्कळ झाला. मी महिन्याला एकच काढते आणि एखाद्या महिन्यात सरळ सुट्टी जाहीर करते. त्याने ऐकणारे तुटत नाहीत. कच्चं काहीतरी ऐकवलं की तुटतात.

पडताळणी म्हणजे काय, ते एका विषयावर दाखवते, कारण सगळं पाणी इथेच मुरतं. समजा विषय घेतला, जांभळाच्या बियांच्या भुकटीने साखर उतरते. असं सांगणारे एक काका आपल्या प्रत्येकाच्या नात्यात असतात आणि ते मुळीच खोटं बोलत नसतात. त्यांनी घरच्या मीटरवर आधी १८० पाहिलेलं असतं, पंधरा दिवसांनी १६०. प्रथम मीटर बघा. घरगुती ग्लुकोमीटरचं जे आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ १५१९७, त्याच्या २०१३ च्या आवृत्तीप्रमाणे डेसिलिटरला १०० मिलिग्रॅमच्या वरचं रीडिंग लॅबच्या आकड्यापेक्षा १५ टक्क्यांपर्यंत वरखाली झालं तरी चालतं. म्हणजे खरी साखर १७० असताना मीटरने १४५ दाखवलं काय आणि १९५ दाखवलं काय, दोन्ही वेळा तो पास. काकांचे १८० आणि १६० हे एकाच साखरेचे दोन आकडे असू शकतात.

मग दिवस बघा. मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी कळायला एचबीए१सी ही रक्ताची तपासणी लागते. पंधरा दिवसांत तिच्यात फारसं काही दिसत नाही. मग काकांनी आणखी काय बदललं ते विचारा. भुकटी सुरू केली त्याच आठवड्यात चहातली साखर गेली, सकाळी चालणं सुरू झालं, आणि डॉक्टरांनी दिलेली मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी चालूच होती, असं बहुतेक वेळा निघतं. शेवटचं कारण सगळ्यात छुपं असतं: माणूस उपाय सुरू करतो तो आकडा सगळ्यात वाईट आलेल्या दिवशी. त्यानंतरचा आकडा काहीही न करताही थोडा खालीच येण्याची शक्यता जास्त.

एवढं सगळं करून भागाच्या शेवटी काय म्हणाल? "जांभळाच्या बिया थोतांड आहेत" असं म्हणता येत नाही. इतकंच म्हणता येतं की काकांच्या मीटरवरून ते ठरत नाही. ठरवायचं तर पुरेशी माणसं हवीत, चिठ्ठ्या टाकून पाडलेले दोन गट हवेत, आणि कोणाला भुकटी मिळाली व कोणाला तशीच दिसणारी दुसरी पूड, हे घेणाऱ्यालाही ठाऊक नको आणि मोजणाऱ्यालाही. अशा चाचण्या झाल्या असतील तर त्या शोधून वाचायच्या, नसतील तर नाहीत म्हणायचं. आणि "गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका" हे वाक्य आरोग्याच्या प्रत्येक भागात, कंटाळा येईपर्यंत.

माझ्या वहीत प्रत्येक विषयाला एक पान असतं आणि त्यावर तीन रकाने: दावा नेमका काय, तो कुठून आला, आणि काय सापडलं तर मी माझं मत बदलीन. तिसरा रकाना वाचन सुरू करण्याआधी भरायचा. नंतर भरला तर तो आपोआप आपल्या सोयीचा होतो. लॅबमध्ये आम्ही रोज सकाळी पेशंटच्या नमुन्यांआधी ज्याचं उत्तर माहीत आहे असा कंट्रोल मशीनवर लावतो. तो चुकला तर त्या दिवशीचे रिपोर्ट बाहेर जात नाहीत. तोच नियम स्वतःला लावायचा झाला तर आपल्या बाजूचे फॉरवर्ड आधी तपासावे लागतात. आइन्स्टाइनच्या तोंडी घातलेली नास्तिकतेची वाक्यं आपल्याला आवडतात म्हणून ती खरी ठरत नाहीत.

निकष आधी ठरवणं म्हणजे काय, याचं मराठीतलं उत्तम उदाहरण पुण्यातलं आहे. जयंत नारळीकर, नरेंद्र दाभोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये ज्योतिषाची चाचणी घेतली. १०० हुशार मुलांच्या आणि १०० मतिमंद मुलांच्या कुंडल्या. ज्योतिषांनी फक्त कोणती कुठल्या गटातली ते सांगायचं. ५१ ज्योतिषी पुढे आले, प्रत्येकाला ४० कुंडल्या दिल्या, २७ जणांनी उत्तरं पाठवली. बरोबर उत्तरांची सरासरी ४६ टक्के आली. नाणं उडवलं असतं तरी ५० च्या आसपास आली असती. यात मला निकालापेक्षा मांडणी भावते. कुणाचा अपमान नाही, आरडाओरडा नाही, किती बरोबर आली तर मानायचं ते आधी ठरलेलं. तुमचा एखादा भाग नुसता या प्रयोगाच्या रचनेवर करा, लोक मन लावून ऐकतात.

ऑडिओत चित्र नसतं, ही अडचण मोठी वाटते, पण तिचा फायदा करून घेता येतो: ऐकणाऱ्याच्या हाताला काम द्यायचं. २१ सप्टेंबर १९९५ ला देशभर गणपती दूध प्याला, ते पन्नाशीच्या पुढच्या प्रत्येकाला आठवतं. पृष्ठताण, केशाकर्षण असे शब्द टाकलेत की लोक कंटाळतात. त्यापेक्षा सांगा, स्वयंपाकघरात जा, स्टीलचा एक ओला तांब्या घ्या, काठोकाठ दुधाने भरलेला चमचा त्याच्या पोटाला टेकवा आणि अगदी किंचित तिरका करा. दूध चमच्यातून 'ओढलं' जाईल आणि तांब्यावरून पातळ थराने खाली उतरेल. पांढऱ्या संगमरवरी मूर्तीवर तो थर दिसत नाही. म्हणूनच त्या वेळी शास्त्रज्ञांनी दुधात रंग घालून पाहिलं होतं. ज्याने हे स्वतः करून पाहिलं, तो ते दुसऱ्याला दाखवल्याशिवाय राहत नाही.

मानवतावादाचं म्हणाल तर तो वेगळा विषय म्हणून ठेवू नका, बोलण्याच्या पद्धतीत येऊ द्या. घटनेच्या ५१अ कलमात, १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने जी मूलभूत कर्तव्यं आली, त्यात वैज्ञानिक दृष्टिकोन, मानवतावाद, शोधक बुद्धी आणि सुधारणावाद हे सगळं एकाच उपकलमात बसवलेलं आहे. मी त्याचा अर्थ साधा घेते: दाव्याला सोडायचं नाही आणि माणसाला धरायचं नाही. मुलाच्या फिट्स थांबत नाहीत म्हणून बाबाकडे गेलेली बाई आणि तिच्याकडून पैसे घेणारा बाबा यांना एकाच सुरात बोलू नका. पहिलीला आपण विचारायचं की डॉक्टरकडे जाणं का जमलं नाही. उत्तर बरेचदा श्रद्धेत नसतं, बसभाड्यात आणि बुडणाऱ्या रोजीत असतं. त्यावर एक अख्खा भाग होतो, आणि तो कुणालाच दुखवत नाही.

कोणाशी बोलताय तेही यातच ठरतं. पुण्यातल्या विवेकवादी मंडळींना पटवायचं असेल तर ती आधीच पटलेली आहेत. माझ्या डोळ्यांसमोर रामबागेतली एखादी काकू असते, जी चतुर्थी करते, लसही घेते, आणि हुशार आहे. ती मध्येच उठून गेली तर भाग फसला. भाषासुद्धा तिचीच ठेवा. आपली मराठी हिंदीच्या अंगाने जाते, त्याची लाज नको. ओढूनताणून पुणेरी बोलायला गेलात तर दोन्हीकडचे लोक दुरावतील.

पाहुण्यांबद्दल मात्र कडक राहा. इंदुरात आरआरकॅट हे अणुऊर्जा खात्याचं संशोधन केंद्र आहे, आयआयटी आहे, विद्यापीठ आहे, मेडिकल कॉलेज आहे. माणसांची वाण नाही. पण सिंक्रोट्रॉनवर, म्हणजे कणांना वेग देणाऱ्या यंत्रावर, काम करणाऱ्याला आहाराबद्दल विचारू नका, आणि तो आपणहून बोलायला लागला तर तो भाग कापा. प्रश्न दोन दिवस आधी पाठवा. भाग प्रसिद्ध करायच्या आधी आकडे त्यांना दाखवा, पण "हे मत काढून टाका" म्हटलं तर ते तुम्ही ठरवा. सरकारी संस्थेत नोकरीला असलेल्यांना परवानगी लागते का ते त्यांनाच विचारा. निवृत्त मंडळी मोकळेपणाने बोलतात आणि त्यांना वेळही असतो.

आता माईक. साधा यूएसबी डायनॅमिक माईक घ्या, कंडेन्सर नको. कंडेन्सर खोलीतलं सगळं उचलतो. तोंडापासून एका मुठीवर ठेवा, थोडा बाजूला, म्हणजे प-फ चा वारा थेट बसणार नाही. कपड्यांनी भरलेलं उघडं कपाट समोर आणि पाठीमागे गोधडी, एवढ्यात भागतं. कूलर बंद, त्यामुळे मे महिन्यात रेकॉर्डिंग पहाटे. आणि कचरा गाडीचं गाणं गल्लीत शिरायच्या आत संपवा, ते एकदा मागे बसलं की कुठल्याही सॉफ्टवेअरने निघत नाही. रेकॉर्ड वेव्ह (WAV) फाइलमध्ये करा, संपादनाला ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर फुकट आहे, अंतिम फाइल मोनोत ६४ केबीपीएसची एमपीथ्री पुरते. अर्ध्या तासाचा भाग साधारण १४ एमबीचा होतो. स्वतःचं डोमेन आणि स्वतःच्या ताब्यातला आरएसएस फीड (सगळ्या अॅपना नवे भाग पोचवणारी यादी) मात्र पहिल्या दिवसापासून ठेवा. गूगलने आपलं पॉडकास्ट अॅप २०२४ मध्ये बंद केलं; ज्यांचे फीड स्वतःचे होते त्यांचे भाग बाकी सगळीकडे चालूच राहिले. आणि प्रत्येक भागाची देवनागरी संहिता साइटवर टाका. मराठीत शोधणाऱ्याला ऑडिओ सापडत नाही, मजकूर सापडतो. चूक निघाली तर ती पुढच्या भागाच्या सुरुवातीला सांगायची आणि संहितेत तारखेसह दुरुस्त करायची. गुपचूप फाइल बदलायची नाही.

जाहिरातींचं माझं मत तुम्हाला आवडणार नाही. या विषयाकडे सगळ्यात आधी वळतात ते पावडरी, कॅप्सूल आणि 'इम्युनिटी' विकणारे, कारण आपले श्रोते आरोग्याबद्दल जागरूक असतात. १९५४ च्या औषधे आणि जादूचे उपाय कायद्यात मधुमेहासह अनेक आजारांवरच्या उपायांची जाहिरात करायलाच मनाई आहे, तरी अशा जाहिराती सर्रास दिसतात. एक घेतलीत की जांभळाच्या बियांचा भाग तुम्हाला कधीच करता येणार नाही. होस्टिंग आणि डोमेनचा खर्च नोकरदार माणसाला झेपतो. ऐकणाऱ्यांनी यूपीआयवर आपखुशीने दिलं तर घ्या आणि वर्षाचा हिशेब साइटवर लावा. नोकरी सोडायचा विचार करत असाल तर करू नका.

आईचा प्रश्न मी हसण्यावारी नेणार नाही, तुम्हीही नेऊ नका. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात दाभोलकरांचा खून झाला. त्यानंतर महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला, तो आपल्या मध्य प्रदेशात लागू नाही. १० मे २०२४ ला पुण्याच्या न्यायालयाने दोघांना जन्मठेप दिली आणि तिघांना सोडलं. त्याच्याही आधीचं बघायचं तर र. धों. कर्वे 'समाजस्वास्थ्य' हे लैंगिक शिक्षणाचं मासिक १९२७ पासून १९५३ पर्यंत जवळपास एकट्याने चालवत होते. वाचकांच्या प्रश्नांना सरळ उत्तरं दिली म्हणून १९३४ मध्ये त्यांच्यावर खटला चालला, आणि डॉ. आंबेडकर त्यांचे वकील असूनही दंड झालाच.

मी वकील नाही, पण स्वतःसाठी जे नियम केलेत ते सांगते. भारतीय न्याय संहितेचं कलम २९९, म्हणजे जुनं २९५अ, धार्मिक भावना दुखावण्याच्या जाणूनबुजून आणि द्वेषबुद्धीने केलेल्या कृतीबद्दल आहे. हेतू दाव्याच्या तपासणीचा असला तर तो शब्दांतही दिसला पाहिजे. टिंगल, नकला, देवांवरचे विनोद माझ्याकडे नसतात. विनोद वाईट असतो असं नाही, पण काकू उठून जाते आणि वकिलाचं काम वाढतं. जिवंत माणसाचं नाव घेऊन 'भोंदू' म्हणायचं नाही. त्याचा दावा त्याच्याच जाहीर शब्दांत वाजवायचा आणि तपासायचा. एखाद्या बाबाच्या दरबारात कॅमेरा लपवून जाणं, एकट्याने आव्हान द्यायला जाणं, हे संघटनेचं काम आहे, एकट्या पॉडकास्टवाल्याचं नाही. घरचा पत्ता कुठेही नको, संपर्काला वेगळा नंबर, कच्ची रेकॉर्डिंग जपून. धमकी आली तर उत्तर न देता स्क्रीनशॉट आणि पोलीस. आणि घरच्यांना विचारा की त्यांचं नाव, आवाज, मुलांचे किस्से यातलं काय चालेल. आईने 'नाही' म्हटलं तर तो नकार मान्य करा आणि पहिलं वर्ष खगोलशास्त्र, लसी, आकडेवारीतल्या गमती यांवर काढा. तेवढ्यात तुमची पद्धत बसेल आणि तिलाही तुम्ही नेमकं काय करता ते ऐकायला मिळेल.

ऐकणारे हळूहळू येतात. दोन मिनिटांचा, स्वतंत्रपणे समजेल असा तुकडा व्हॉट्सअॅपवर फिरतो. अर्ध्या तासाची लिंक फिरत नाही. इंदूरच्या अभ्यास मंडळाच्या व्याख्यानांना येणारे, गणेशोत्सवात मराठी मंडळांच्या कार्यक्रमांना जाणारे, हा तुमचा श्रोता आहे. त्यांच्यात जाऊन बसा, पत्रकं वाटू नका, त्यांना कशाबद्दल शंका आहेत ते ऐका. विषय तिथूनच मिळतात.

तारीख ठरलेले विषय आधीच हेरून ठेवा, कारण त्यांना पडताळणीला वेळ मिळतो. २ ऑगस्ट २०२७ ला भारतातून खंडग्रास सूर्यग्रहण दिसेल. २२ जुलै २००९ च्या खग्रासाची पट्टी तर इंदुरावरूनच गेली होती, त्या दिवशी घराघरांत काय काय झालं ते आजी-आजोबांकडून आत्ताच रेकॉर्ड करून घ्या. आणि २०२८ मध्ये उज्जैनला सिंहस्थ कुंभमेळा आहे. क्षिप्रेचं पाणी पवित्र की नाही, हा आपला प्रश्न नाही; त्यात उतरलेल्या म्हातारीला नंतर जुलाब होतील का, हा आहे. आंघोळीच्या पाण्यासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष आहे: विष्ठेतून येणारे कोलिफॉर्म जंतू १०० मिलिलीटरमध्ये ५०० पर्यंत असावेत, २५०० च्या वर नकोत. कोणते घाट, किती वाजता, काठापासून किती अंतरावर, आणि आकडा काय आला तर काय म्हणणार, हे सगळं नमुने घेण्याआधीच्या भागात जाहीर करा. चांगला आला तर तेही तितक्याच मोठ्याने सांगायचं. बाटल्या निर्जंतुक लागतात, बर्फात ठेवून त्याच दिवशी तपासणीला द्याव्या लागतात. ते कसं करायचं ते मी शिकवीन. घाटांची यादी तुम्ही करून पाठवा.